किल्ल्यातला कैदी आणि रक्ताचा दाब
नगरचा भुईकोट किल्ला तुम्ही बाहेरून तरी पाहिला असेलच. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ पंडित नेहरू इथंच कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी १९४४ मध्ये इथंच लिहिलं.

शीर्षासन ही त्यांची जुनी सवय. उभं असताना डोक्यातला रक्तदाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा कमी असतो. उलटं झालं, की ३० सेंटिमीटर उंचीच्या रक्तामुळे तो उलट २३ मिलिमीटरनं जास्त होतो! शरीर ते सांभाळून घेतं.

पण २७ मे १९६४ ला पोटातली महाधमनी फुटून पंडितजी गेले. नळी फुगली, की तेवढ्याच दाबाला तिच्या भिंतीवरचा ताण वाढतो, हा लाप्लासचा नियम. वाढलेला दाब बहुधा आवाज करत नाही. घरातल्यांचं बीपी आजच तपासून घ्या.