वेंडेल स्कॉट

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांतील डॅनव्हिल शहरीं ता. २९ ऑगस्ट १९२१ रोजीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत वेंडेल स्कॉट यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं सैन्याच्या मोटारी दुरुस्त केल्या व परत आल्यावर स्वतःचें गॅरेज काढलें.

बाजारांत मिळणाऱ्या मोटारीच शर्यतीसाठीं बळकट करून पळविण्याचा खेळ तेथें लोकप्रिय होता. त्यांत स्कॉट १९५२ सालीं उतरले व १९६१ सालीं नॅस्कार संस्थेच्या वरिष्ठ श्रेणींत पोहोंचले. त्या काळीं दक्षिणेंत वर्णभेद तीव्र होता. स्कॉट यांना धनिक पाठीराखा नव्हता. जुनी मोटार ते स्वहस्तें दुरुस्त करीत व मुलगे त्यांना मदत करीत.

१९६४ च्या हंगामांत गणलेली एक शर्यत ता. १ डिसेंबर १९६३ रोजीं जॅक्सनव्हिल येथें झाली. स्कॉट सर्वांच्या पुढें असूनहि बक बेकर विजयी ठरले व चषक त्यांना मिळाला. कांहीं तासांनीं फेरमोजणी झाली, तेव्हां स्कॉट दोन फेऱ्यांनीं पुढें होते असें ठरलें. अधिकाऱ्यांनीं मोजणींतील चूक हें कारण दिलें. आपला वर्ण हेंच खरें कारण, असें स्कॉट मानीत. तोंवर प्रेक्षक निघून गेले होते.

तरीहि ते खचले नाहींत. त्या हंगामाच्या अखेरीस त्यांनीं १२ वा क्रमांक मिळविला. १९७३ सालच्या भीषण अपघातानंतरच त्यांनीं शर्यत सोडली. ता. २३ डिसेंबर १९९० रोजीं ते वारले. चषक त्यांच्या कुटुंबास मिळाला तो २०२१ सालीं.

विद्यार्थ्यांनो, मान देणें इतरांच्या हातीं असतें. पुढच्या शर्यतीस उभें राहणें मात्र आपल्या हातीं असतें.