कॅनन एडवर्ड हॅनन : संघ उभारणारे धर्मगुरू

रविवारची दुसरी मिस्सा संपत आली की चर्चच्या मैदानातून चेंडूचा आवाज येऊ लागतो. मग काही ज्येष्ठ मंडळी आमच्याकडे तक्रार घेऊन येतात, की मुलांचे लक्ष वेदीपेक्षा मैदानाकडेच असते. तक्रार अगदीच खोटी नाही. पण ती ऐकताना आम्हांला सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मगुरूंची आठवण होते. त्यांनी मैदानाला चर्चचा प्रतिस्पर्धी मानले नाही, चर्चचे अंगण मानले. त्यांचे नाव कॅनन एडवर्ड हॅनन.

फादर हॅनन यांचा जन्म १८३६ साली आयर्लंडमधील लिमरिक परगण्यात झाला. ते नऊ-दहा वर्षांचे असताना आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे भुकेने मेली, लाखोंनी देश सोडला. त्यांपैकी पुष्कळ जण शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मजुरीसाठी गेले. डब्लिनच्या ऑल हॅलोज सेमिनरीत शिकून गुरुदीक्षा घेतल्यावर १८६१ साली तरुण फादर हॅनन एडिंबरो शहरात आले आणि काऊगेट भागातील संत पॅट्रिक चर्चमध्ये सेवा करू लागले. मरेपर्यंत ते याच शहरात राहिले.

काऊगेट म्हणजे राजधानीच्या भव्य इमारतींच्या पायथ्याशी दडलेली गरिबांची वस्ती. अंधाऱ्या खोल्या, एकेका खोलीत अख्खे कुटुंब, रोगराई आणि दारूचे गुत्ते. तिथे इतके आयरिश लोक होते की त्या भागाला छोटे आयर्लंड म्हणत. स्कॉटिश समाजाच्या लेखी हे लोक परके, गरीब आणि वर कॅथलिक होते, म्हणजे तिहेरी दोषी. पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात प्राण देणारे जेम्स कॉनोली यांचा जन्म १८६८ साली याच वस्तीत झाला.

अशा ठिकाणी केवळ प्रवचनाने भागत नाही, हे फादर हॅनन यांनी ओळखले. १८६५ साली त्यांनी कॅथलिक यंग मेन्स सोसायटीची शाखा सुरू केली. दिवसभर राबून आलेल्या तरुणाला गुत्त्याखेरीज बसायला एखादी जागा हवी, वाचायला पुस्तक हवे, बोलायला सोबती हवेत, हा त्यामागचा साधा विचार होता.

त्या काळी शहराच्या मेडोज नावाच्या मोकळ्या मैदानावर फुटबॉल नुकताच रुजत होता. सोसायटीतील मायकेल व्हेलहन या तरुणाला आपलाही संघ असावा असे वाटले आणि त्याने फादरांकडे गोष्ट काढली. १८७५ साली हायबर्नियन फुटबॉल क्लब स्थापन झाला. हायबर्निया हे आयर्लंडचे जुने लॅटिन नाव. व्हेलहन कर्णधार झाला आणि फादर हॅनन पाठीराखे.

खेळायला संघ तयार झाला, पण खेळणार कोणाशी? स्कॉटिश फुटबॉल संघटनेने हा खेळ स्कॉटिश लोकांसाठी आहे, आयरिशांसाठी नाही, असे सांगून दार बंद केले. एडिंबरोच्या स्थानिक संघटनेनेही तोच कित्ता गिरवला. तरीही १८७५ च्या नाताळच्या दिवशी मेडोजवर हार्ट्स हा शेजारचा संघ त्यांच्याशी सामना खेळला. हायबर्नियन एका गोलने हरले, पण त्या दिवशी कोणीतरी त्यांच्याशी खेळले ही गोष्ट आम्हांला निकालापेक्षा मोठी वाटते. यथावकाश संघटनांची दारेही उघडली.

बारा वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, हायबर्नियनने डम्बार्टनचा २-१ असा पराभव करून स्कॉटिश कप जिंकला. ज्यांना प्रवेश नाकारला होता, तेच विजेते ठरले. या विजयापासून स्फूर्ती घेऊन त्याच वर्षी ग्लासगोमध्ये मारिस्ट बंधू वॉलफ्रिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्टिक क्लब स्थापला. गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभारणे हा त्याचा हेतू होता. मात्र १८८८ साली सेल्टिकने हायबर्नियनचे अनेक उत्तम खेळाडू आपल्याकडे ओढले. भाऊच भावाच्या ताटातला घास उचलतो, तसे ते झाले.

संघ खिळखिळा झाला, आर्थिक अडचणी आल्या. जून १८९१ मध्ये फादर हॅनन यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी क्लबचेही खेळणे थांबले.

इथे थोडे थांबू या. सुरुवातीपासून क्लबचा नियम होता, की खेळाडू सोसायटीचा सभासद आणि आचरण करणारा कॅथलिक असावा. तो नियम कशासाठी होता, हे आपण पाहिले. ज्यांना कोणी जवळ करत नव्हते, त्यांना स्वतःचे घर मिळावे म्हणून तो होता. पण घराला भिंत लागते तसे दारही लागते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांतला भेद आम्ही पाठ केला होता. तो खरा कळतो तो अशा उदाहरणांतून. १८९२ साली नव्या मंडळींनी क्लब पुन्हा उभा केला, तेव्हा हा नियम काढून टाकला. नाव तेच राहिले, दार उघडे झाले.

नव्या संघाला दुसऱ्या श्रेणीत जागा मिळाली. १८९३-९४ च्या पहिल्याच हंगामात ते १८ सामन्यांत २९ गुण मिळवून अव्वल आले. पण तेव्हा वरच्या श्रेणीतील प्रवेश मतदानाने ठरे, आणि मते मिळाली ती तिसऱ्या क्रमांकाच्या क्लाईडला! हायबर्नियन रुसून बसले नाहीत. पुढच्या हंगामात पुन्हा पहिले आले, आणि मग त्यांना वर घ्यावेच लागले.

१९०२ साली त्यांनी पुन्हा कप जिंकला. त्यानंतर मात्र तब्बल ११४ वर्षे तो हुलकावणी देत राहिला. २०१५-१६ साली संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत होता, तिसरा आला, बढतीही हुकली. त्याच महिन्यात, २१ मे २०१६ रोजी, अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी गोल करून त्यांनी रेंजर्सला ३-२ असे हरवले आणि कप घरी आणला. पुढच्या वर्षी बढतीही मिळवली.

फादर हॅनन यांनी यातले काहीच पाहिले नाही. पेरणाऱ्याने पीक पाहिलेच पाहिजे असे कुठे आहे? त्यांनी एका गरीब वस्तीतील मुलांना एक चेंडू आणि एक नाव दिले. तेव्हा चर्चच्या मैदानातील आवाजाबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्यांना आमची नम्र विनंती, की येताना त्या मुलांपैकी दोघा-तिघांची नावे विचारून या. आणि मैदानाच्या कडेला एखादा मुलगा नुसताच उभा दिसला, मग तो कोणाचाही असो, तर त्याला खेळायला घ्या असे सांगा.