एकाकी प्रवासी धर्मानंद कोसंबी

आमच्या किनवटकडील मुलांस एकट्यानें प्रवास करण्याचा प्रसंग लहानपणीं सहसा येत नाहीं. माहूरगडाची यात्रा असो कीं लग्नकार्य असो, घरचीं व भावकींतलीं माणसें बरोबर असतात. शिदोरी आईनें बांधलेली असते व वाट वडिलांस ठाऊक असते. परंतु शाळा संपते आणि तोच मुलगा एके दिवशीं पुढील शिक्षणाकरितां किनवटच्या स्टेशनावर एकटा गाडींत बसतो. पैनगंगेचें खोरें मागें पडूं लागलें म्हणजे त्याचा कंठ दाटून येतो. अशा वेळीं त्यास धीर देईल असें एक चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें. तें चरित्र पालि भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचें होय.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील साखवाळ या गांवीं झाला. घरीं नारळाची बाग होती, व तिची देखरेख करण्यांत त्यांचें पहिलें तारुण्य गेलें. मराठी शाळेचें थोडेंसें शिक्षण तेवढें झालें होतें. इंग्रजी येत नव्हती, संस्कृतही येत नव्हतें, आणि लग्न मात्र लहान वयांतच झालें होतें. अशा स्थितींत बालबोध नांवाच्या मुलांच्या मासिकांत त्यांनीं बुद्धाचें चरित्र वाचलें, आणि या महापुरुषाच्या धर्माचें मूळ वाङ्मय आपण स्वतः वाचलें पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. मुलांचें एक साधें मासिक एखाद्याचें आयुष्य कसें पालटूं शकतें, याचा हा दाखला आमच्यासारख्या वार्षिकांत लिहिणारांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

गोव्यांत हें ज्ञान देणारा कोणी नव्हता. याआधींही ते घराबाहेर पडून परत आले होते. परंतु १८९९ च्या अखेरीस ते निघाले ते निघालेच. प्रथम पुणें, तेथें डॉक्टर भांडारकरांची भेट. मग ग्वाल्हेर, व तेथून काशी. काशींत अन्नछत्रांत जेवावें व गुरूजवळ संस्कृत शिकावें, असा त्यांचा क्रम होता. पुढें बुद्धाच्या जन्मभूमीकडील देश म्हणून १९०२ मध्यें ते मोठ्या आशेनें नेपाळांत गेले. परंतु ज्या विद्येच्या शोधांत ते होते ती तेथें मिळाली नाहीं. दुसरा एखादा तेथूनच घरीं परतला असता. धर्मानंद बुद्धगयेस आले, आणि खरा अभ्यास सिंहलद्वीपांत होतो असें कळतांच कलकत्त्यावरून तिकडे गेले. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांच्या पायांशीं बसून त्यांनीं पालि भाषा आत्मसात् केली. पुढें ब्रह्मदेशही पाहिला. गोव्यांत ज्याची उणीव होती, तें सारें त्यांस वाटेवर मिळालें.

या प्रवासांत घरचें कोणीही त्यांच्या सोबतीस नव्हतें. वाटेंत एखादा सोबती भेटे, कांहीं मजल बरोबर करी व आपल्या मार्गानें जाई. एकाकी प्रवासाचे जे लाभ आम्हांस दिसतात, ते या चरित्रांत स्पष्ट आहेत. चारजण मिळून जातात तेव्हां ते आपसांतच बोलतात. गांव बदलतो, पण त्यांची भाषा व त्यांचे विचार बदलत नाहींत. एकट्यास मात्र परक्याशीं बोलल्यावांचून गत्यंतर नसतें. त्यास वाट विचारावी लागते, परक्याची भाषा शिकावी लागते, परक्याच्या हातचें अन्न कृतज्ञतेनें घ्यावें लागतें. गर्व गळून पडण्यास याहून उत्तम शाळा नाहीं. शिवाय एकट्याचा बेत चुकला तर दोष देण्यास दुसरा कोणी नसतो. नेपाळांतील निराशेनंतर पुढें काय करावें, हा निर्णय धर्मानंदांस स्वतःच करावा लागला. आणि स्वतः केलेल्या निर्णयांनींच मनुष्य घडतो.

परंतु या चित्राची दुसरी बाजू आम्ही झांकून ठेवणार नाहीं. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हां पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या माणिक मागें राहिल्या होत्या. जवळजवळ सात वर्षें त्या माउलीनें पतीची वाट पाहिली. प्रवासाला निघणाराचें धैर्य सर्वांस दिसतें. दारांत उभ्या राहिलेल्या माणसाचें धैर्य कोणासही दिसत नाहीं. म्हणून एकट्यानें जाणारा मनुष्य वास्तविक एकटा नसतो; कोणाच्या तरी सोसण्यावर त्याचा प्रवास चाललेला असतो. हें ऋण फिटेल असें कांहीं त्यानें परत आणलें, तरच त्याचें जाणें सार्थ झालें म्हणावयाचें.

धर्मानंद १९०६ मध्यें घरीं येऊन भेटले. पुढें कलकत्त्याची अध्यापनाची जागा सोडून, महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें म्हणून त्यांनीं बडोद्याचे सयाजीराव महाराज यांची दरमहा पन्नास रुपयांची नेमणूक पत्करली. मराठी वाचकांसाठीं त्यांनीं बुद्ध, धर्म आणि संघ हें पुस्तक लिहिलें, आणि १९१२ ते १९१८ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत पालि शिकविली. शाळेचें शिक्षण अपुरें राहिलेल्या या गृहस्थास विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें बोलावून घेतलें. १९१८ मध्यें ते तिकडे पुन्हां गेले, तेव्हां मात्र एकटे गेले नाहींत. माणिक व धाकटा दामोदर यांस त्यांनीं शिक्षणासाठीं बरोबर नेलें. हेच दामोदर पुढें गणितज्ञ व इतिहासकार म्हणून विख्यात झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत धर्मानंदांनीं तुरुंगवासही सोसला. ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें त्यांनीं देह ठेवला.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांस लवकरच एकट्यानें निघावें लागेल. तेव्हां भिऊं नका. वाट विचारण्याची लाज धरूं नका, आणि एक वाट चुकली म्हणून घरचा रस्ता धरूं नका. मात्र गाडी हलतांना फलाटावर उभ्या असलेल्या माणसांकडे एकवार नीट पाहून घ्या. शिकून परत याल तेव्हां त्यांच्यासाठीं काय आणावयाचें, याचा विचार त्याच क्षणीं सुरू झाला पाहिजे.