चिंचेचं खरं सांगणारा वैद्य : गार्सिया द ओर्ता

मुलांनो, चिंचेचं झाड तुम्ही रोज बघता. पण पूर्वी युरोपात चिंच जायची ती वाळलेली. अरबांनी तिचं नाव ठेवलं होतं हिंदचा खजूर. त्यामुळे तिकडच्या शिकलेल्या लोकांनाही वाटे, हे खजुराचंच काही तरी असेल. झाड कोणी बघितलं होतं?

गार्सिया द ओर्ता यांनी ते बघितलं. ते पोर्तुगालचे वैद्य. त्यांचे आईवडील ज्यू होते. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलून दिलं तेव्हा ते पोर्तुगालात आले. तिथे १४९७ मध्ये ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं गेलं. गार्सिया स्पेनमध्ये वैद्यकी शिकले, लिस्बनला शिकवू लागले आणि १५३४ साली जहाजाने गोव्यास आले. ते परत गेलेच नाहीत.

अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्यांच्याकडून औषध घेई. पोर्तुगीजांनी त्यांना मुंबई बेट खंडाने दिलं होतं. हो, आपली मुंबईच! तिथल्या त्यांच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येत. गोव्यातही त्यांची बाग होती. वैद्य, हकीम, व्यापारी, सगळ्यांना ते झाडापाल्याबद्दल विचारत.

मग १५६३ साली गोव्यात त्यांचं पुस्तक छापून निघालं. त्या काळी भारतात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती, बरं का. पुस्तक सगळं गप्पांचं. एक पाहुणा प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तर देतात, मध्येच मोलकरीण झाडपाला किंवा फळ आणून दाखवते. मिरी, वेलदोडे, लवंग, जायफळ, हळद, हिंग, फणस, सारं त्यात आहे. रावेर-यावलच्या मुलांनो, केळीसुद्धा आहे! चिंच खजुराची नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. पटकीच्या रोगाचं वर्णन केलं. आपल्याकडचा मोडशी हा शब्दसुद्धा त्यात सापडतो, फक्त पोर्तुगीज वळणाचा.

जुन्या ग्रीक आचार्यांच्या चुका काढायला ते कचरले नाहीत. घरात मात्र भीती होती. कोण चोरून जुना धर्म पाळतो ते शोधून शिक्षा देणारं न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० मध्ये गोव्यात आलं होतं. ओर्ता १५६८ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्यावरून जिवंत जाळलं. एवढ्यावर भागलं नाही. १५८० मध्ये ओर्तांची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली.

पण पुस्तक तोवर समुद्रापार पोचलं होतं. क्लुसियस नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने १५६७ मध्येच त्याचा सार लॅटिन भाषेत छापला होता. तो युरोपभर वाचला गेला.

पणजीत चर्चसमोरच्या चौकात नगरपालिकेची बाग आहे. तिला गार्सिया द ओर्ता यांचं नाव दिलेलं आहे. सहल गोव्याला गेली तर गुरुजींना सांगा, तिथे गाडी थांबवा म्हणून.