अक्षरांतून झाड उगवणारे लिंडेनमायर
गेममधलं झाड कोणीतरी एकेक पान काढून रंगवत असेल, असं मला वाटायचं. पण ते नियमांतूनही उगवतं! ही युक्ती ॲरिस्टिड लिंडेनमायर यांची. जन्म १९२५, बुडापेस्ट. कॉम्प्युटरवाले नव्हेत, जीवशास्त्रज्ञ. १९६८ साली त्यांनी पेशींना अक्षरं दिली. शेवाळाचा नियम बघा: दर फेरीत 'अ'चं 'अब' होतं, 'ब'चं 'अ', आणि सगळी अक्षरं एकदमच बदलतात. वहीत करून बघा: अ, अब, अबअ, अबअअब. पेशी १, २, ३, ५... फांदीसाठी कंस: उघडला की फांदी फुटते, मिटला की परत खोडावर. नियम पेशीचा, उभं राहतं अख्खं झाड. प्रुसिन्किएविच यांच्यासोबतचं त्यांचं चित्रांनी भरलेलं पुस्तक १९९० मध्ये आलं. लिंडेनमायर १९८९ मध्येच गेले होते.