हेन्री रॉइस : एक मेकॅनिक

(द्वितीय वर्ष, कला)

रोल्स-रॉइस हे नाव ऐकले नाही असा माणूस विरळाच. राजेमहाराजे, संस्थाने, शिकारी, लखलखणारे दिवे असे सारे वैभव या नावासरशी डोळ्यांपुढे उभे राहते. पण या जोडनावातला दुसरा माणूस कोण, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. तो सरदारघराण्यातला नव्हता, पदवीधर नव्हता. आणि त्याची पहिली मोटार जन्माला आली ती दुसऱ्या कारखान्याची एक वापरलेली गाडी खोलून दुरुस्त करता करता! त्याचे नाव फ्रेडरिक हेन्री रॉइस. मी कला शाखेचा विद्यार्थी, यंत्रशास्त्र मला येत नाही. तरीही त्याची जीवनकथा आपणापुढे ठेवावी असे मला मनापासून वाटले. त्याचे कारण ओघात येईलच.

हेन्रीचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या आल्वॉल्टन या खेड्यात झाला. वडिलांची पिठाची गिरणी होती, पण धंदा बसला आणि कुटुंब लंडनला आले. हेन्री ९ वर्षांचा असताना वडील वारले. पोटासाठी त्या पोराने वर्तमानपत्रे विकली, पुढे घरोघर तारा पोचवल्या. सगळे मिळून त्याचे शालेय शिक्षण जेमतेम एका वर्षाचे. त्याच्या एका मावशीने वर्षाला २० पौंड भरण्याचे कबूल केले, म्हणून तो पीटरबरोला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. ज्यांच्या घरी तो राहत होता त्या गृहस्थांच्या शेडमध्ये एक लहानसे लेथ होते. दिवसभर कारखान्यात राबून आल्यावर संध्याकाळी तो तिथे कानस चालवायला आणि धातू कातायला शिके. सुमारे तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्ध्यावर सुटली.

इथे एखादा खचून गेला असता. हेन्रीने लीड्स शहरात हत्यारे बनवण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. पगार आठवड्याला ११ शिलिंग! तेथून तो लंडनला एका वीज कंपनीत गेला. वीज हे त्या काळी अगदी नवे शास्त्र होते. दिवसा काम आणि रात्री वर्ग, अशा रीतीने तो ते शिकला. हाताला जे कळत होते त्याचे कारण त्याला पुस्तकात शोधायचे होते. ही गोष्ट मला त्याच्या चरित्रात फार मोलाची वाटते.

१८८४ मध्ये स्वतःचे साठवलेले २० पौंड आणि अर्नेस्ट क्लेरमॉन्ट या मित्राचे ५० पौंड अशा भांडवलावर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर त्याने छोटासा कारखाना काढला. प्रथम विजेच्या घंटा, दिव्यांचे होल्डर अशी किरकोळ कामे. मग डायनामो आणि पुढे विजेवर चालणाऱ्या क्रेन. रॉइसची क्रेन म्हणजे खात्रीचा माल, असा लौकिक झाला. पण नव्या शतकाच्या आरंभी जर्मनी-अमेरिकेतून स्वस्त यंत्रे येऊ लागली, मागणी घटली आणि अतिश्रमाने रॉइसची प्रकृतीही ढासळली. याच सुमारास त्याने द्‌कोव्हिल नावाची एक वापरलेली फ्रेंच मोटार विकत घेतली. दोन सिलिंडर, १० अश्वशक्ती.

ही गाडी भंगार होती अशी अनेकांची समजूत आहे, पण ते खरे नाही. त्या काळाच्या मानाने ती चांगलीच गाडी होती. मात्र रॉइसला ती चांगली वाटेना. तिचा आवाज फार, हादरे फार, आणि ठिणगीचा भरवसा नाही. त्याने गाडी पूर्ण खोलली. प्रत्येक भाग हातात घेऊन तो असा का केला आणि याहून बरा कसा करता येईल, याचा विचार केला. सुधारणा करता करता त्याच्या लक्षात आले की एवढे बदलायचे तर नवीच गाडी का करू नये? दोन तरुण उमेदवारांना हाताशी धरून त्याने तीन गाड्या करायला घेतल्या. ठिणगीची व्यवस्था हा तर विजेचा प्रांत, म्हणजे त्याच्या घरचाच! कार्ब्युरेटर त्याने स्वतः आखला, दातेरी चक्रे अधिक अचूक कापून घेतली, इंजिनाचा आवाज दाबला. १ एप्रिल १९०४ रोजी त्याची पहिली गाडी कुक स्ट्रीटवरून निघाली आणि नट्सफर्ड येथील त्याच्या घरापर्यंत सुखरूप गेली.

मित्रहो, यात शोध कोणता? पाहू गेले तर एकही नाही. मोटार आधीच होती, इंजिन होते, गिअर होते. रॉइसने फक्त असलेली वस्तू नीट केली. पण नीट करणे ही केवढी मोठी विद्या आहे, हे मी घरी रोज पाहतो. माझे वडील तालुक्याच्या गावी गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. आमच्या घरामागच्या अंगणात गेली दोन वर्षे एक जुनी विलीज जीप उभी आहे. सुटीच्या दिवशी वडील ती एकेक भाग खोलून उभी करत आहेत. गंजून बसलेल्या नटावर ते जोर करत नाहीत. रात्री तेल सोडतात आणि सकाळी पाना लावतात. काढलेले भाग डिझेलमध्ये धुऊन गोणपाटावर काढल्या क्रमाने मांडतात. बाजारात मिळत नाही तो भाग जुन्यावरून माप घेऊन लेथवाल्याकडून करवून आणतात. इंजिन खोलण्यापूर्वी मात्र ते आधी नुसते उभे राहून कान देऊन ऐकतात.

वडिलांची इच्छा अशी की माझे हात काळे होऊ नयेत. म्हणून आठवीपासून त्यांनी माझ्या हाती पाना दिला नाही, पुस्तक दिले. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा त्यांचे म्हणणे मला समजते. पण रॉइसचे चरित्र वाचल्यापासून एक प्रश्न मला सोडत नाही. शिकणे म्हणजे हातांपासून दूर जाणे, असे आपण का धरून चाललो आहोत? वडिलांच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ते उतरवून ठेवायला त्यांना कधी सवड मिळाली नाही. म्हणून हल्ली मी वही घेऊन अंगणात बसतो आणि ते काय करतात, कशासाठी करतात, ते लिहून घेतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला एवढे तर करता येते!

असो. पुन्हा रॉइसकडे वळू. चार्ल्स रोल्स हा उमरावाचा मुलगा, केंब्रिजचा पदवीधर, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारा. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्याची आणि रॉइसची भेट झाली. रॉइसची गाडी पाहून रोल्स थक्क झाला. एकाने बनवायच्या आणि दुसऱ्याने विकायच्या असे ठरले. १९०६ मध्ये कंपनी स्थापन झाली. पाठोपाठ सहा सिलिंडरांची, सिल्व्हर घोस्ट या नावाने गाजलेली गाडी आली. १९०७ मध्ये ती १५,००० मैल चालवून पाहिली आणि मग खोलली, तेव्हा झिजलेले भाग बदलून ती नव्यासारखी करायला लागणारा खर्च दोन पौंडांहून किंचित अधिक निघाला. आपल्या महाराष्ट्रानेही या गाडीची परीक्षा घेतली आहे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची जी चाचणी झाली, तीत घाट चढून-उतरून रॉइसचीच गाडी पहिली आली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

या यशाची किंमत रॉइसने शरीराने मोजली. कामात तो जेवण विसरे. हातात दुधाचा पेला घेऊन पोऱ्याला त्याच्यामागे हिंडावे लागे, असे सांगतात. हाताखालच्या माणसांचा निष्काळजीपणा त्याला खपत नसे. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला. लगेच पुढच्या वर्षी रॉइस गंभीर आजारी पडला आणि त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पत्नीपासून तो दुरावला. एका परिचारिकेने अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. डर्बी येथे उभारलेल्या आपल्या नव्या कारखान्यात त्याला पुन्हा काम करता आले नाही. उरलेली वीसएक वर्षे तो समुद्रकाठच्या घरी राहून आराखडे पाहत होता आणि दुरुस्त करून परत धाडत होता. याच आजारी माणसाने १९१५ मध्ये ईगल हे विमानाचे इंजिन सिद्ध केले. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला, तेव्हा त्यांच्या विमानाला हीच दोन इंजिने होती. १९३१ मध्ये त्याच्या कंपनीच्या इंजिनावर विमानाने ताशी ४०० मैलांचा वेग ओलांडला.

१९३० मध्ये सरकारने त्याला सर ही पदवी दिली. पण स्वतःची ओळख सांगताना तो मेकॅनिक हाच शब्द वापरी, आणि त्यात खोटा विनय नव्हता. २२ एप्रिल १९३३ रोजी तो वारला. त्याच्या मागे काही महिन्यांतच मर्लिन हे इंजिन प्रथम चालू झाले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमाने त्याच्या जोरावर लढली. रॉइसची रक्षा त्याच्या जन्मगावी, आल्वॉल्टनच्या चर्चमध्ये ठेवली आहे.

आज जगभर हौशी लोक त्याच्या जुन्या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करतात. मूळचा स्क्रूसुद्धा बदलू नये, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो योग्यच आहे, कारण त्या गाड्या आता इतिहास झाल्या आहेत. पण मला वाटते, खुद्द रॉइस तिथे आला असता तर तो स्क्रू हातात घेऊन, याहून बरा कसा करता येईल हेच त्याने पाहिले असते. वस्तू जपणारा माणूस हवा आणि तिच्यात उणे शोधणाराही हवा. दोघांनाही आधी ती खोलून समजून घ्यावी लागते. ग्रंथालयातल्या पुस्तकाला हे जितके लागू आहे, तितकेच गॅरेजमधल्या इंजिनालाही. हे ज्याला उमगले तो शिकला, मग त्याच्या नखांत शाई असो की ग्रीस!