नाथांनी काढलेली चूक

फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. आमच्या पिंपळगाव बसवंतास त्या दिवसांत द्राक्षांचा खुडा ऐन भरात असतो. तरी संध्याकाळी हातपाय धुऊन माणसं देवळात येऊन बसतात. ज्ञानेश्वरी उघडली, की पन्नास तोंडांतून एकच ओवी निघते. कुणाची प्रत नवी, कुणाची आजोबांच्या हातची. पण म्हणताना कुणी अडखळत नाही. हे आम्हांस इतकं अंगवळणी पडलं आहे, की यामागे कुणाचे श्रम आहेत हे आम्ही विचारीतही नाही. म्हणून श्रीएकनाथमहाराजांचं चरित्र आज या एका अंगानं सांगावं, असं मनात आलं.

पैठणास भानुदासांच्या कुळात, सुमारे १५३३ साली, नाथांचा जन्म झाला. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी लवकरच गेली. आजोबा चक्रपाणींनी नातवाला वाढवलं. कोवळ्या वयात नाथ देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पायांशी गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. परमार्थ आणि कारभार दोन्ही चोख करणारे. त्यांनी या शिष्याला सेवेबरोबर हिशेबाच्या कामालाही बसवलं.

परंपरा सांगते, की एकदा जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिवा लावून रात्रभर वह्या चाळीत बसले. पहाटे चूक सापडली, तशी त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैच्या चुकीसाठी जर मन इतकं एकाग्र होतं, तर तेच मन देवाकडे लाव, असा उपदेश त्यांनी केला. कीर्तनात ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण ती पै शोधणारी नजर पुढं कुठं गेली, इकडे आपलं लक्ष जात नाही.

त्या काळी लिहिणं हे कष्टाचं काम होतं. दिव्याची काजळी नि डिंक खलून शाई करायची, बोरू तासायचा, घोटलेल्या कागदावर एकेक अक्षर काढायचं. देवगिरीजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत असे. ते गाव त्यासाठी आजही ओळखलं जातं. हिशेब मोडीत, पोथी बाळबोधीत. पोथीची ओळ सलग असे; दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. सुटी पानं लाकडी फळ्यांत ठेवून रुमालात बांधीत. अशी पोथी गावात एखाद्याच घरी असायची. एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची.

माउलींनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. तिथून नाथांपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं ग्रंथ हातोहात उतरवला गेला. उतरवणारे भाविक होते, पण माणसंच होती. 'घ'चा 'ध' झाला, 'भ'चा 'म' झाला. जुना शब्द कळेना, तिथं कुणी ओळखीचा घातला. कुणी समासात लिहिलेली ओवी पुढच्यानं मजकुरात घेतली. एकाची चूक दुसऱ्यानं श्रद्धेनं उतरवली, दुसऱ्याची तिसऱ्यानं. पोथी पूज्य, म्हणून तिच्यातली चूकही पूज्य झाली!

नाथांनी हे काम हाती घेतलं तेव्हा ते नवखे नव्हते. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका शके १४९५ मध्ये, १५७३ साली, काशीत पुरी झाली होती. संस्कृतातला ग्रंथ मराठीत आणला म्हणून तिथल्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग तीच पोथी मिरवली, अशी कथा आहे. एवढा मोठा कवी. त्याला माउलींच्या ओवीशेजारी आपली ओवी बसवणं काय जड होतं? पण त्यांनी तसं केलं नाही. निरनिराळ्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, चुकीचं ते दूर केलं. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, भाद्रपद वद्य षष्ठीला काम पुरं झालं. पुढं कुणी आपल्या ओव्या यात मिसळू नयेत, असंही त्यांनी बजावलं. लिहिता येणाऱ्यानं लेखणी आवरणं, हे आम्हांस त्यांच्या सर्व ग्रंथांइतकंच मोठं वाटतं.

शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथ गोदावरीत समाधिस्थ झाले. पुढची अडीचशे वर्षं पोथ्या हातानंच उतरल्या. मग छापखाना आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापलं. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापून काढली. पोथी फळ्यांतून सुटून घरोघर गेली. ऐकणारा वाचू लागला. शाळेचं तोंड न पाहिलेली कितीतरी माणसं पारायणात शेजाऱ्याच्या बोटाकडे बघत, पाठ असलेल्या ओवीवरून अक्षर ओळखायला शिकली. पाठ आणि पान जुळलं, म्हणूनच ते साधलं. पानावर भलतंच असतं तर?

आता मोबाईल आला आहे. आमच्याच पारायणात परवा एका मुलानं तुकोबांचा म्हणून एक अभंग फोनवर वाचून दाखवला. मंडळींनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्या माळकऱ्यानं मात्र गाथा मागवली आणि चष्मा पुसून पहिल्यापासून चाळली. अभंग त्यात नव्हता. मुलगा वरमला, पण खरं सांगायचं तर आधी माना आम्हीच डोलावल्या होत्या.

बोरूची चूक पोथीगणिक पसरत होती. आता ती बोटासरशी गावभर होते. साधन बदललं, उपाय तोच राहिला: दुसऱ्याला देण्याआधी ताडून पाहणं. षष्ठीला नाथांचं नाव घेताना आपण निदान एवढी एक पै शोधायला शिकू या.

रामकृष्णहरी.